तर्जनीच्या टोकाशी

६ मे १९२५, बुधवार. लंडनच्या पूर्व भागात, व्हाइटचॅपलमधल्या लंडन हॉस्पिटलच्या शस्त्रक्रियागृहात तुम्ही पोहोचता, तेव्हा सर्वांत आधी नाकात शिरतो तो ईथरचा वास. मग एकेक करून जाणवायला लागतं की इथे काय काय अजून यायचं आहे. ठोक्यांचा आलेख दाखवणारा पडदा नाही. खांबाला लटकवलेल्या रक्ताच्या पिशव्या नाहीत. हृदय थांबवून त्याचं काम तात्पुरतं आपल्याकडे घेणारं यंत्र नाही. ते माणसावर यशस्वीपणे चालायला अजून २८ वर्षं आहेत, आणि योगायोग असा की तो दिवसही ६ मेच असणार आहे. टेबलावर १९ वर्षांची मुलगी आहे. तिच्या श्वासनलिकेत नळी घालून भूल देणारा डॉक्टर दाबाने ईथर सोडतो आहे, कारण छाती उघडल्याबरोबर फुप्फुस मिटतं आणि श्वास थांबतो.

या प्रवासाला एक अट आहे. तुम्ही बघ्यांच्या घोळक्यात उभे राहणार नाही. तुम्ही असाल ऑपरेशन करणाऱ्याच्या तर्जनीत. हृदयाच्या झडपांची दुरुस्ती सुरू झाली तेव्हा डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. जे कळलं ते आधी बोटाला कळलं.

मुलीला हे हॉस्पिटल नवं नाही. काही वर्षांपूर्वी तिला इथे आणलं, तेव्हा तिचे हातपाय तिच्या मर्जीशिवाय झटके घेत होते. ऱ्हुमॅटिक तापाचं हे एक रूप. लहानपणी घसा दुखतो, स्ट्रेप्टोकॉकस नावाचे जंतू घशात असतात. घसा बरा होतो, आणि दोन-तीन आठवड्यांनी शरीराची स्वतःची संरक्षक यंत्रणा सांध्यांवर, मेंदूवर, हृदयाच्या झडपांवर उलटते. सांधे सुधारतात, झटके थांबतात. झडप मात्र सुधारत नाही. हृदयाच्या डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमध्ये मायट्रल झडप असते. तिची दोन पाती कडेला एकमेकांना चिकटत जातात, जाड होतात, आणि चार ते सहा चौरस सेंटिमीटरची वाट काजाच्या भोकाएवढी उरते. रक्त पुढे सरकत नाही, मागे फुप्फुसात तुंबतं. जिना चढताना दम लागतो, मग चालताना लागतो, मग आडवं झोपताही येत नाही. खोकल्यातून रक्त पडतं. टेबलावरची मुलगी या टप्प्यावर आहे.

ऑपरेशन करणारे हेन्री सूटार पन्नाशीला टेकले आहेत. ऑक्सफर्डला गणित शिकलेला, इंजिनिअरिंगची ओढ असलेला हा माणूस आहे. त्यांनी डाव्या बाजूने छाती उघडली आहे. हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्याला कानाच्या पाळीसारखा एक लहानसा फुगवटा असतो, त्याला त्यांनी मऊ चिमटा लावला आहे आणि कडेने टाके घेतले आहेत. आता कात्री. चिमटा सैल होतो आणि तुम्ही आत जाता.

आत ऊब आहे. सगळं हलतं आहे. बोटाभोवती भिंत घट्ट आवळते, सैल पडते, पुन्हा आवळते, आणि रक्त बाहेर येत नाही कारण बोटानेच भोक बुजवलं आहे. खाली जाताच झडप लागते. कड जाड आहे, जागोजाग टणक. आणि मग प्रत्येक ठोक्याला बोटाच्या टोकावर खालून एक जोरदार धार आपटते. ही धार बाहेरून कुणालाच नीट कळली नव्हती. झडप अरुंद आहे, आणि त्याहून जास्त ती गळते आहे. खालच्या कप्प्यातून पुढे जायला हवं ते रक्त उलटं वर येतं आहे.

बोट झडपेतून आरपार जातं. त्या क्षणी मुलीचा रक्तदाब शून्यावर येतो, कारण रक्ताची सगळी वाटच तुम्ही अडवली आहे. बोट मागे येतं, दाब परत येतो. ठोक्यांची लय बदललेली नाही. शेजारी एक बारीक सुरी तयार आहे. ठरलेला बेत असा, की चिकटलेलं पातं सुरीने कापायचं. पण बोटाने जे सांगितलं ते ऐकून सूटार बेत बदलतात. कापलं तर वाट मोठी होईल आणि गळती त्याहून मोठी होईल. ते सुरी घेत नाहीत. बोटानेच झडप जमेल तितकी रुंद करतात आणि मागे येतात. बोट बाहेर येताना एक टाका तुटतो, रक्ताची धार उसळते, ती दाबून धरली जाते, दोरा आवळला जातो. सगळ्याला साधारण तासभर लागला.

मुलगी वाचते. घरी जाते. ऑक्टोबरमध्ये सूटार ही केस ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापतात आणि लिहितात की शरीराच्या इतर अवयवांप्रमाणे हृदयही शस्त्रक्रियेला खुलं आहे.

आता तुम्हाला इथे थांबावं लागेल, कारण थांबल्याशिवाय ही गोष्ट कळत नाही. महिना जातो. वर्ष जातं. सूटार यांच्याकडे दुसरा रुग्ण येत नाही. बोटाला जमत नव्हतं म्हणून काम अडलं असं झालेलं नाही. ज्या फिजिशियनांनी रुग्ण पाठवायचे, त्यांचा विश्वास होता की दोष झडपेत नसतोच, हृदयाच्या स्नायूत असतो. झडप उघडून काय होणार? हे मत सर जेम्स मॅकेन्झी यांच्यासारख्या फार मोठ्या माणसाचं होतं. ते त्याच वर्षी जानेवारीत वारले, पण त्यांचा शब्द वारला नव्हता. त्याआधी १९०२ मध्ये लॉडर ब्रंटन यांनी अरुंद मायट्रल झडप कापून उघडावी अशी नुसती सूचना ‘लॅन्सेट’मध्ये केली, तर त्यांच्यावर टीकेची झोड उठली होती. पुष्कळ वर्षांनी, म्हातारपणी, सूटार यांनी एका अमेरिकन सर्जनला पत्रात लिहिलं की दुसरी केसच मिळाली नाही म्हणून मी हे ऑपरेशन पुन्हा केलं नाही. मला या सगळ्या इतिहासात याहून जास्त वाईट वाटायला लावणारी जागा सापडत नाही. तुम्ही ज्या मुलीच्या हृदयात बोट घातलंत ती आणखी पाच वर्षं जगली. तिच्यासारख्या किती मुली त्या काळात खोकत खोकत गेल्या, त्यांच्या नावाने कुठे काही छापलं गेलं नाही.

बोस्टनमध्ये क्षणभर डोकावून पुढे जाऊ. सूटार यांच्या दोन वर्षं आधी, मे १९२३ मध्ये, एलियट कटलर यांनी तिथे १२ वर्षांच्या मुलीच्या झडपेत खालच्या कप्प्यातून सुरी घातली. ती मुलगीही चार वर्षांच्या वर जगली. पुढच्या रुग्णांत मात्र त्यांनी झडपेचा तुकडाच काढून टाकायला सुरुवात केली आणि रुग्ण एकामागून एक दगावले. वाट मोकळी झाली, पण दार उरलं नाही. दशक संपता संपता कटलर यांनी हे काम थांबवलं.

१० जून १९४८, गुरुवार, फिलाडेल्फिया. या वेळी तुम्ही चार्ल्स बेली यांच्या तर्जनीत आहात आणि सकाळ वाईट गेली आहे.

बेली ३७ वर्षांचे आहेत. बारा वर्षांचे असताना त्यांनी आपल्या वडिलांना तोंडातून रक्त जाऊन मरताना पाहिलं. तोच आजार, तीच झडप. आतापर्यंत त्यांनी तीन रुग्णांची मायट्रल झडप उघडायचा प्रयत्न केला आणि तिघेही गेले. पहिल्याच्या वेळी हृदयाचा तो पाळीसारखा फुगवटा फाटला आणि रक्त थांबलं नाही. एका हॉस्पिटलच्या हृदयविभागाच्या प्रमुखांनी त्यांना सांगितलं की असली हत्या पुन्हा होऊ न देणं हे माझं धर्मकर्तव्य आहे. म्हणून बेली यांनी आज दोन वेगळ्या हॉस्पिटलांत एकाच दिवशी दोन ऑपरेशनं लावली आहेत. पहिला रुग्ण गेला, तर ती बातमी पसरून दुसरं शस्त्रक्रियागृह बंद व्हायच्या आत तिथे पोहोचता यावं म्हणून. सकाळचा रुग्ण फिलाडेल्फिया जनरल हॉस्पिटलमध्ये टेबलावर गेला. दुपारी ते एपिस्कोपल हॉस्पिटलमध्ये हात धुऊन उभे आहेत.

त्या बोटात असणं सोपं नाही. आजच्या कोणत्याही नीतिसमितीने या माणसाला दुसऱ्या मृत्यूनंतर थांबवलं असतं, आणि तिचं चुकलं असतं असं मी म्हणू शकत नाही. चार माणसं गेली आहेत, त्यांनाही घरं होती. तरी मला हेही दिसतं की या प्रत्येक मृत्यूतून बेली यांनी काही ना काही उचललं आणि आज दुपारी ते सगळं त्या बोटात आहे.

टेबलावर २४ वर्षांची स्त्री आहे. फुगवट्याच्या तोंडाशी बटव्याच्या नाडीसारखा गोल टाका आधीच घेतला आहे, बोट शिरताच तो आवळता यावा म्हणून. तर्जनीच्या पोटाला लागून एक बारीक, वाकड्या टोकाची सुरी आहे. तुम्ही झडपेपाशी पोहोचता. या वेळी टोकावर आपटणारी धार नाही, या झडपेचा सगळा दोष अरुंदपणाचा आहे. बोट कडेकडेने सरकतं आणि दोन पाती जिथे एकमेकांना चिकटली आहेत ती जागा शोधतं. त्या सांध्याला कमिशर म्हणतात. जन्मतः ही पाती तिथे सुटी होती. सुरी तेवढ्याच रेषेवर टेकते, जराशी चिरते, आणि उरलेला सांधा बोटाच्या दाबाने उकलतो. तुकडा काढलेला नाही. पाती शाबूत आहेत, उघडतात आणि मिटतातही. कटलर जिथे हरले तिथे बेली जिंकले ते या फरकामुळे. झडपेची मूळची रेषा शोधायची आणि तेवढीच मोकळी करायची. दुरुस्ती या शब्दाला हृदयाच्या संदर्भात खरा अर्थ आला तो इथे.

आठवड्याभरात बेली त्या बाईंना आगगाडीने शिकागोला घेऊन गेले आणि छातीच्या तज्ज्ञांच्या परिषदेत सगळ्यांसमोर उभं केलं. त्या पुढे ३८ वर्षं जगल्या. बेली यांच्या ऑपरेशननंतर सहा दिवसांनी बोस्टनमध्ये ड्वाइट हार्कन यांना, सप्टेंबरमध्ये लंडनला रसेल ब्रॉक यांना तेच जमलं. सूटार यांच्या त्या ऑपरेशननंतर २३ वर्षं गेली होती.

आता परळ. १९६० चं दशक, केईएम हॉस्पिटल. बाहेर गिरण्यांचे भोंगे, आत वॉर्डात दोन खाटांच्या मधे जमिनीवर गाद्या. या आजाराचा आणि या परिसराचा संबंध जवळचा आहे. दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसं झोपली की एका पोराचा घसा दुसऱ्याला लागतो. इंग्लंड-अमेरिकेत घरं मोठी झाली, पेनिसिलीन आलं आणि ऱ्हुमॅटिक ताप ओसरत गेला. आपल्याकडे तो चाळीत आणि गावात राहिला, आणि इथे तो झडप लवकर मिटवतो. पंचविशीच्या आत, कधी पंधराव्या वर्षीच. वॉर्डातल्या खाटांवर तरण्या मुली आहेत. काहींना दिवस गेले आहेत; गरोदरपणात रक्ताचं प्रमाण वाढतं आणि तोवर कशीबशी निभावलेली अरुंद झडप तेव्हा उघडी पडते. काहींनी खोकल्यातून रक्त आलं म्हणून आधी क्षयाची औषधं घेतली आहेत.

डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी इथे हृदयशस्त्रक्रियेचा पाया घातला. फेब्रुवारी १९६८ मध्ये ते याच हॉस्पिटलमध्ये हृदयारोपण करतील आणि वर्तमानपत्रं तेवढंच लक्षात ठेवतील. पण तुम्ही ज्या ऑपरेशनसाठी आला आहात ते रोजचं आहे. डावीकडून छाती उघडली आहे, हृदय धडधडतं आहे, यंत्राची गरज नाही. एक तर्जनी वरच्या कप्प्यातून झडपेवर टेकली आहे. दुसऱ्या हाताने सर्जन खालच्या कप्प्याच्या टोकातून टब्स डायलेटर आत घालतात. लांब दांड्याचं धातूचं हत्यार, ज्याच्या टोकाची दोन पाती मिटलेली असतात. ते आंधळेपणाने वर येतं आणि तुमच्या टोकाला लागतं. आता तुम्ही त्याला वाट दाखवता: जरा डावीकडे, अजून थोडं, हं, आलं. सर्जन दांडा दाबतात, पाती उघडतात, आणि चिकटलेला सांधा सुटल्याचा एक हिसका बोटाला स्पष्ट कळतो. डायलेटर मिटवून बाहेर. गळती होते का? बोट पुन्हा तपासतं. नाही, धार नाही.

दोन दिवसांनी ती बाई खाटेवर बसून चहा पिते आहे. “डॉक्टर, आमची खोली तिसऱ्या माळ्यावर हाय. चढवंल ना आता?”

“आधी इथला एक जिना माझ्यासोबत चढा, मग सांगतो.”

जगाने हे ऑपरेशन मागे टाकलं तरी आपल्या देशाने ते सोडलं नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने १९५६ ते १९८० या काळातल्या ३७२४ रुग्णांचा हिशेब १९८३ मध्ये छापला. एका हॉस्पिटलच्या बोटांनी ३७२४ हृदयं चाचपली. याला मागासलेपण म्हणणारे लोक मला भेटले आहेत. मी त्यांच्याशी सहमत नाही. हृदय-फुप्फुस यंत्र महाग, रक्त दुर्मीळ, रुग्ण असंख्य, आणि आजार नेमका असा की बोटाने सुटतो. यात शहाणपण होतं. १९८० च्या दशकात जपानच्या कांजी इनोउए यांनी मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन तोच सांधा आतून उकलायची रीत आणली आणि मग छाती उघडायचीही गरज पुष्कळदा उरली नाही. फुगा तरी काय करतो? तर्जनी करायची तेच.

पण बोटाला एक गोष्ट कधीच जमली नाही. व्हाइटचॅपलमध्ये टोकावर आपटणारी ती धार आठवा. गळती बोटाला कळते, बोटाने थांबत नाही. त्यासाठी पाहावं लागतं.

पॅरिस, ब्रूसे हॉस्पिटल, १९७० चं दशक. हृदय थांबलेलं आहे, रक्त यंत्रातून फिरतं आहे, वरचा डावा कप्पा उघडून धरला आहे आणि आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही झडप पाहता. फिकट, ओलसर, दोन पात्यांची, खालून बारीक तंतूंनी ताणून धरलेली. अलँ कार्पांतिए घाई करत नाहीत. हातातल्या बारीक हुकाने ते पात्याचा एकेक भाग उचलून बघतात: हा किती वर येतो, हा किती. त्यांनी गळणाऱ्या झडपांचे प्रकार पाडले ते रोगाच्या नावावरून नव्हे, पात्याच्या हालचालीवरून. हालचाल ठीक आहे पण घेर पसरला, हालचाल वाजवीपेक्षा जास्त झाली, किंवा कमी झाली. हे एकदा ठरलं की काय करायचं ते आपोआप ठरत जातं.

त्या काळी सोपा उपाय हाताशी होता. १९६० मध्ये ऑरेगनला अल्बर्ट स्टार यांनी इंजिनिअर लोवेल एडवर्ड्स यांच्यासोबत केलेली पिंजऱ्यातल्या चेंडूची कृत्रिम झडप बसवली, आणि असंख्य जीव वाचले. मात्र धातूच्या झडपेवर रक्ताची गुठळी धरते. ती सुटून मेंदूत गेली तर पक्षाघात. म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर. कार्पांतिए यांना रुग्णाची स्वतःची झडप वाचवायची होती. पसरलेला घेर ते मोजतात, मूत्रपिंडाच्या आकाराची योग्य मापाची रिंग निवडतात आणि झडपेच्या मुळाशी टाक्यांनी बसवतात. पात्यांना पुन्हा एकमेकांना भरपूर टेकता यावं, पण हलायचंही राहू नये. शेवटी पिचकारीने खालच्या कप्प्यात सलाइन भरतात. पाती फुगतात, वर येतात, कडेला कड लागते. थेंब वर येत नाही. ज्या धारेसमोर १९२५ मध्ये सूटार थांबले, ती इथे बंद झाली. १९८३ मध्ये कार्पांतिए यांनी अमेरिकेतल्या सर्जनांसमोर हे सगळं मांडलं, तेव्हापासून ‘फ्रेंच करेक्शन’ हे नाव रूढ झालं.

परत या. आजची मुंबई, एक सार्वजनिक हॉस्पिटल. टेबलावर यवतमाळकडची १६ वर्षांची मुलगी आहे, केशरी रेशनकार्डावर महात्मा फुले योजनेतून आलेली. तिच्या झडपेची पाती ऱ्हुमॅटिक तापाने आखडली आहेत. वयोमानाने सैल झालेली झडप दुरुस्त करणं वेगळं आणि ही वेगळी. इथे जाड थर सोलून काढावा लागतो, तंतू सोडवावे लागतात, कधी हृदयाच्याच आवरणाचा तुकडा जोडून पातं वाढवावं लागतं. ठोके परत सुरू होतात. अन्ननलिकेतून घातलेल्या एकोच्या पडद्यावर रंगाची एक लहान पट्टी उलटी जाताना दिसते. गळती उरली आहे.

“परत यंत्रावर जाऊ,” सर्जन म्हणतात.

धातूची झडप बसवून तासाभरात मोकळं होता आलं असतं. मग या मुलीला दर महिन्याला रक्त तपासायला तालुक्याला जावं लागलं असतं, ज्या दिवसांत एसटी नाही त्या दिवसांतही. उद्या लग्न झालं, दिवस गेले, तर रक्त पातळ ठेवणारी तीच गोळी पोटातल्या बाळाला बाधली असती. दुरुस्तीची गरज जिथे सगळ्यांत जास्त आहे तिथेच ती सगळ्यांत अवघड आहे. हृदय पुन्हा थांबवतात, दोन टाके जास्त घेतात. पट्टी जवळजवळ दिसेनाशी होते.

आठव्या दिवशी, ओपीडीत, आई कागदांची पिशवी छातीशी धरून बसली आहे.

“ताई, झडप तिचीच आहे, जपायची आहे. घसा पुन्हा बिघडला की हा आजार परत झडपेवरच जाणार. म्हणून दर एकवीस दिवसांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन. निदान दहा वर्षं. कदाचित चाळिशीपर्यंत.”

“आमच्याकडं आरोग्य केंद्रात देत नाहीत, सर. रिॲक्शन येती म्हणतात. मागं दोनदा परत पाठवलं.”

डॉक्टर पेन उघडतात आणि केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या नावे चिठ्ठी लिहायला घेतात: रुग्णाला पहिला डोस इथे दिलेला आहे, त्रास झालेला नाही, बेंझाथिन पेनिसिलीन १२ लाख युनिट, पुढची तारीख अमुक. खाली स्वतःचा मोबाइल नंबर लिहितात. “तिथे नाही म्हणाले तर त्यांच्यासमोरच मला फोन लावायचा. आणि बाळा, तारीख तू लक्षात ठेवायचीस, आईवर टाकायची नाही.”